नजमावर राज्य

हळदीच्या दिवसांत आमच्या घरातली प्रत्येक वस्तू पिवळी व्हायची. उंबरा, रांजणाचं झाकण, दप्तराचा बंद, बैलाच्या वेसणीची दोरी. भाकरीवर थापणाऱ्या बाईची पाच बोटं उमटलेली असत, त्यावरून आज भाकरी कुणी केली ते ओळखता यायचं. आईची बोटं बारीक, मोठीमायची जाड. गाव कुरुंद्यापासून बैलगाडीने तासाभराच्या अंतरावर. घरात माणसं अकरा आणि हुकूम एकीचा. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. चुलते दिवसातून चार वाक्यं बोलत, त्यातली दोन बैलांशी. बाकी सगळं बोलणं मोठीमायकडे होतं. हळद खणून अंगणात आली की ती सकाळी ठेचा-भाकरी खाऊन पदर खोचायची आणि गड्डे एका ढिगात, हळकुंडं दुसऱ्या ढिगात निवडायला घरातल्या सगळ्यांना बसवायची. गड्डा जाड, त्याला शिजायला वेळ लागतो. हळकुंड बारीक, लवकर शिजतं. दोन्ही एका कढईत गेलं तर एक कच्चं राहतं किंवा दुसऱ्याचा लगदा होतो. घरातल्या लेकरांना पाढ्यांच्या आधी हे कळायचं.

त्या दिवसांतले आवाज मला अजून क्रमानं आठवतात. पहाटे रांजणात बादली उपडी व्हायची. मग सुपाचा आवाज. मग मोठीमायचा. आणि शाळेच्या वेळेच्या थोडं आधी रस्त्यावरून टक, टक, टक असा लोखंडाचा आवाज जवळ येत राहायचा. तो आला की आई म्हणायची, "शालू, नजमा आली, दप्तर घे." नजमा तेव्हा दोन घरं लांब असायची.

नजमा रशीदचाचांची मुलगी. रशीदचाचा बैलांना नाल ठोकत. आसपासच्या गावांच्या बाजारात त्यांची पेटी, हातोडी आणि ते स्वतः ठरल्या दिवशी हजर असत. नजमाचा डावा पाय लहानपणी तापात गेला. चालायला बाभळीच्या लाकडाची कुबडी होती. कुबडीचं खालचं टोक दोन महिन्यांत झिजायचं, म्हणून रशीदचाचांनी त्याला बैलाच्या नालाचा एक तुकडा ठोकून दिला. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. नजमा जिथं जाईल तिथं आवाज जायचा आणि ओल्या किंवा सारवलेल्या जमिनीवर तिच्यामागे चंद्रकोरींची एक रांग उमटायची. गावात एवढा उघड माग ठेवून चालणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि गावात एवढं कुणाला न दिसणारंही दुसरं कुणी नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

संध्याकाळी आमच्या अंगणात लपंडाव चालायचा. खेळाचे कायदे दिनकर करायचा. दिनकर मोठीमायचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि सगळ्या कायद्यांत स्वतःची सोय बघणारा. नजमा पहिल्यांदा खेळायला आली तेव्हा त्यानं तिच्या कुबडीकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "ही दूधभात." म्हणजे खेळायचं, पण धरायचं नाही. दूधभात सापडला तरी सापडला नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. लहान भावंडांना सगळीकडे असंच घेतात. ती मोठी झाली की दूधभात संपतो. नजमाचा संपला नाही. तिच्या बरोबरीची पोरं राज्य घेऊन घेऊन कंटाळली तरी ती दूधभातच.

सुरुवातीला तिनं त्याचा पुरेपूर फायदा उठवला, हे इथं नोंदवलं पाहिजे. नाही तर ती सोशिक वाटेल, आणि ती कधीच सोशिक नव्हती. दिनकरवर राज्य असलं की ती त्याच्यामागे टक टक करत फिरायची आणि कोण कुठं लपलंय ते मोठ्यानं सांगायची, खरं एकदा, खोटं दोनदा. त्याला काहीच करता यायचं नाही. मळ्यातल्या पेरूच्या झाडांवर आम्ही चढायचो, ती खाली थांबायची. राखणदार आला की आम्ही पळायचो, ती पळू शकत नसे. राखणदार म्हणायचा, "बिचारी. हिला कशाला आणलं रे नालायकांनो." एकदा आम्ही चौघं मार खाऊन हात हलवत परतलो आणि मागून ती ओढणीत सात पेरू घेऊन आली. राखणदारानं स्वतः तोडून दिले होते. वाटेत तिनं आमच्याकडून एकेका पेरूसाठी नीट विनवणी करून घेतली. मी दोनदा केली, कारण पहिल्यांदा तिला आवाज बारीक वाटला.

(हा मजकूर मी परवा नजमाला फोनवर वाचून दाखवला. ती आता वसमतला लेकाकडे असते. तिचं म्हणणं, पेरू नऊ होते. सात की नऊ यावर आम्ही बराच वेळ बोललो. मी सात ठेवते आहे.)

मग शाळेतला माठ फुटला. मधल्या सुट्टीत नजमा कुबडीवर एका पायानं गिरकी घेऊन दाखवत होती. तिसऱ्या गिरकीला कुबडीचं टोक गुरुजींच्या पिण्याच्या पाण्याच्या माठाला लागलं. गुरुजी आले, ओली जमीन बघितली आणि विचारलं, "कुणी फोडला?" नजमा उभी राहिली. "मी फोडला, गुरुजी."

गुरुजींचा चेहरा मऊ झाला. त्यांनी सगळ्या वर्गाला उभं केलं आणि सांगितलं की बघा, हिला चालता येत नाही धड, पण मन किती मोठं आहे. तुमच्यातल्या कुणाचा तरी गुन्हा स्वतःवर घेते आहे. नजमा म्हणाली, "न्हाई गुरुजी, मीच फोडला. अशी फिरले आन् लागला." गुरुजी म्हणाले, "बस बेटा." माठाच्या सगळ्यात जवळ दिनकर उभा होता. त्याला दोन छड्या बसल्या. नजमाला खरेपणाबद्दल नवी पेन्सिल मिळाली. तिनं ती वर्गाबाहेर आल्यावर मोडून अर्धी दिनकरला दिली. त्यानं घेतली.

त्या दिवशी ती आमच्या कडब्याच्या गंजीमागे बसून होती. घरी जायचं नाव काढेना.

"शालू, मी डावात हाय का न्हाई?"

"हायस की."

"मंग मी आउट काहून व्हत न्हाई?"

"तुझ्या पायामुळं."

"पाय कुठं खेळतो? मी खेळते."

कुबडीचं टोक जमिनीत रुतवत ती पुढं म्हणाली, "गुरुजीनं मला हाणलं असतं तर बरं झालं असतं."

"छडी लई लागती, नजमे."

"तुला ठावं हाय. मला कुठं ठावं हाय?"

यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढं जे झालं ते नजमानं केलं, पण कल्पना माझी होती. मी तिला म्हणाले की गावात दया न येणारं एकच माणूस आहे आणि ते आमच्या घरात आहे. मोठीमायनं पाहुण्यांच्या पोरांना धपाटे दिले होते. भिक्षा मागायला आलेल्या एका बुवाला अंगण झाडायला लावलं होतं. बैल आजारी असताना लांबून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरला, चप्पल घालून खळ्यात आला म्हणून, आल्या पावली बाहेर काढलं होतं. नजमा नीट ऐकत होती.

"आन् तिनंबी बिचारी म्हणलं तर?"

"तर मंग गावात कुणी उरलं न्हाई," मी म्हणाले. मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. आज वाटतं, दहा वर्षांच्या मुलीला असं काही सांगू नये.

गावात हळद शिजवायची मोठी कढई एकच होती. ती पाळीनं एका घराहून दुसऱ्या घरी गाडीत घालून न्यायची. पाळी चुकली तर शेवटी जायचं, आणि तोवर हळद अंगणात पडून राहायची. आमची पाळी बाजाराच्या दिवसानंतर तिसऱ्या सकाळी होती. दोन्ही ढीग निवडून तयार होते. बाजाराच्या दिवशी घरातली मोठी माणसं कुरुंद्याला गेली. मी दारात बसून पहारा दिला. नजमा अंगणात गेली आणि तिनं गड्ड्यांचा ढीग हळकुंडांत कालवायला सुरुवात केली. आधी कुबडीनं ओढलं, मग खाली बसून दोन्ही हातांनी ढकललं. कडुनिंबाची सावली गव्हाणीवरून दारापर्यंत सरकली तोवर ती थांबली नाही. शेवटी तिनं सगळ्याचा मिळून एक मोठा, टोकदार, देखणा ढीग केला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "बास. आता मला भ्या वाटून राहिलं." आणि टक टक करत घरी गेली.

मोठीमाय आली. डोक्यावरची पाटी तिनं उतरवली नाही, ती पडली. तिनं दिनकरला जवळ बोलावलं आणि पाठीत एक धपाटा दिला. तो म्हणाला, "मी न्हाई." तिनं कान धरून आणखी एक दिला. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. दिनकर शपथा घ्यायला लागला तसा रस्त्यावरून आवाज आला, टक, टक, टक. नजमा फाटकातून आत आली आणि ढिगाजवळ येऊन उभी राहिली.

"मोठीमाय, हे मी केलं."

"अगं बाई," शेजारची एक बाई म्हणाली, "लेकरू दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन राहिलं. काय गुणाचं पोरगं."

"लंगडं हाय, पर मन बघा," दुसरी म्हणाली.

नजमानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मोठीमायही खालीच बघत होती. अंगण आदल्या दिवशी शेणानं सारवलेलं होतं. त्यावर ढिगाभोवती, गव्हाणीपासून ढिगापर्यंत आणि ढिगापासून फाटकापर्यंत चंद्रकोरी उमटल्या होत्या. शंभर तरी असतील. त्या सगळ्यांना दिसत होत्या. मोठीमायनं दिनकरचा कान सोडला.

"दिन्या, तुला तिसरा पाय कवा फुटला?"

कुणी हसलं नाही. मोठीमाय नजमापुढे जाऊन उभी राहिली.

"काहून केलं?"

"बघायला."

"काय बघायला?"

"तुमी काय करता ते."

मोठीमायनं तिला एक धपाटा दिला. त्याचं माप दिनकरच्या धपाट्याएवढंच होतं, मी दोन्ही जवळून बघितले. कुबडी सरकली, नजमा पडता पडता सावरली. कुंपणापलीकडे कुणीतरी "आई गं" म्हणालं. नजमाचे डोळे पाण्यानं भरले आणि चेहरा असा झाला होता की आपण काही जिंकलंय ते लपवायचं कसं हे तिला कळत नव्हतं.

"उद्या कोंबडं आरवलं की यायचं," मोठीमाय म्हणाली. "परवा संध्याकाळपातूर सगळं निवडून झालं पायजे. तेरवा कढई येणार. कुणी हात लावायचा न्हाई हिला."

दुसऱ्या दिवशी नजमा कोंबड्याच्या आधी आली. मोठीमायनं तिला बसायला पोत्याचा एक तुकडा दिला आणि ढिगासमोर बसवलं. गड्डा डावीकडे, हळकुंड उजवीकडे. दुपारी रशीदचाचा आले. त्यांच्या हातात अजून हातोडी होती, बातमी कळली तसे निघाले असावेत. ते फाटकातच थांबले.

"भाभी, गलती हो गयी पोरीकी. मैं निवडून देतूं सब. उसकू छोड देव. उसके पाँव में तकलीफ हय."

"रशीदभाऊ," मोठीमाय सूप न थांबवता म्हणाली, "हळद पायानं निवडत्यात व्हय?"

रशीदचाचांनी लेकीकडे बघितलं. नजमानं मान वर केली नाही, तिचे हात चालत होते. "अब्बा, तुमी जाव," ती म्हणाली, "मेरा काम चालू हय." ते तसेच उभे राहिले. मग मोठीमायनं त्यांना चहा दिला. तो त्यांनी उभ्यानं घेतला आणि गेले. पुढं आयुष्यभर त्यांनी आमच्या बैलांचे नाल सगळ्यात आधी ठोकले, यामागे काही कारण असेल असं मी तेव्हा धरलं नव्हतं.

जेवायला मोठीमायनं तिला सगळ्यांच्या पंगतीत बसवलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. नजमाच्या भाकरीवर तिचीच पिवळी बोटं उमटत होती. ती एकेक घास तोडण्याआधी ती बोटं बघून घ्यायची.

दुसऱ्या दुपारपर्यंत कळलं की एकटीनं होणार नाही. ढिगाचा तिसरा हिस्सा बाकी होता आणि तिची बोटं सालीनं चिरली होती. कढई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. ढीग उरला तर पाळी जाणार होती आणि ते नजमाच्या नावावर लागणार होतं. मी मोठीमायला विचारलं, मदत करू का. ती म्हणाली, "मला काय इचारतीस? काम कुणाचं हाय?"

मी नजमाला विचारलं. तिनं विचार केला आणि मला गड्ड्यांकडे बसवलं. मग आई बसली. मग दिनकर आला आणि न विचारता बसायला लागला. नजमानं कुबडी आडवी घातली.

"आधी इचार."

"बसू का?"

"नीट."

"नजमाबाई, बसू का?"

"हळकुंडं घे. गड्डे तुला जमायचे न्हाईत."

संध्याकाळी दिवा लागायच्या आधी दोन ढीग झाले. मोठीमायनं दोन्हींत हात घालून, खालपर्यंत उपसून बघितलं. हळकुंडांतून तिला एक गड्डा सापडला. तो तिनं नजमाच्या पुढ्यात टाकला. नजमानं तो उचलून दिनकरच्या पुढ्यात टाकला. शाबासकी कुणी दिली नाही. नजमानं बसायचा पोत्याचा तुकडा झटकला, घडी घातली आणि विचारलं, "मोठीमाय, हे घिऊ?" मोठीमाय म्हणाली, "घे. काय करतीस त्याचं?" नजमा म्हणाली, "लागतंय."

कढई आली, चूल पेटली, दोन दिवस हळद शिजली. सगळ्या गल्लीत तो ओला, मातीसारखा, थोडा कडवट वास भरून राहिला. तिसऱ्या दिवशी कढई घासून, तीन दगडांवर उपडी घालून ठेवली. पुढच्या घरची गाडी सकाळी येणार होती. त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी डाव मांडला गेला. दिनकरवर राज्य होतं. त्यानं डोळे उघडले, कान दिला, गोठ्याकडून टक असा एक आवाज आला आणि तो सवयीनं म्हणाला, "नजमा दिसली, दूधभात, धरायची न्हाई." आणि पुढं निघाला.

"थांब," नजमा गोठ्यातून बाहेर येत म्हणाली. "दूधभातला शिक्षा असती का?"

दिनकरनं विचार केला. "न्हाई."

"मला झाली. तुझ्यासमोर झाली. मंग मी दूधभात कशी?"

दिनकरनं स्वतःच्या कायद्यात पळवाट शोधून पाहिली. तो ओसरीवर बसलेल्या मोठीमायकडे बघत होता. मोठीमाय तांदूळ निवडत होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे सगळं येत होतं.

"बरं," तो म्हणाला. "पयली सापडली. नजमावर राज्य."

नजमा कडुनिंबापाशी गेली आणि खोडाला तोंड लावून मोजायला लागली. तिला शंभरपर्यंत मोजायचं होतं, तिनं दीडशेपर्यंत मोजलं; पुन्हा कधी मिळेल याची खात्री नसावी. आम्ही लपलो. घाई कुणालाच नव्हती. ती निघाली की टक ऐकू येणार, जवळ आली की जागा बदलायची, एवढं सोपं होतं. मी कडब्याच्या गंजीमागे पाय पसरून बसले. दिनकर सगळ्यात हुशार. तो उपड्या कढईखाली शिरला.

मोजणं संपलं. मी कान दिला. काही नाही. गोठ्यात बैल रवंथ करत होता, ओसरीवर तांदळाचे खडे ताटलीत पडत होते. टक नव्हती. मला वाटलं, घाबरली, झाडापाशीच उभी आहे. मला थोडी दयाही आली. मी शेजारी लपलेल्या पोराला म्हणाले, "बिचारी."

तेवढ्यात मानेवर एक हात पडला. पाचही बोटं पिवळी.

"निघ," नजमा म्हणाली.

मी खाली बघितलं. कुबडीच्या टोकाला पोत्याचा तो तुकडा गुंडाळून, सुतळीनं घट्ट बांधलेला होता. मागं चंद्रकोर एकही नव्हती. तिनं मला गप्प राहायची खूण केली आणि वळली. एकेक करून तिनं सगळ्यांना तशीच धरली, आणि धरलेला प्रत्येक जण गप्प राहून पुढचा कसा सापडतो ते बघायला तिच्यामागं चालायला लागला. शेवटी आम्ही सगळे कढईभोवती उभे राहिलो. नजमानं खाली बसून सुतळी सोडली, पोतं घडी करून माझ्या हातात दिलं आणि कुबडी उचलून लोखंडी टोक कढईच्या बुडावर मोजून तीनदा आपटलं. अख्खी कढई घंटेसारखी वाजली. ओसरीवर तांदूळ निवडणं थांबलं.

आतून दिनकरचा आवाज आला, पोकळ आणि रडवेला.

"हे खोटं हाय. हा डाव धरायचा न्हाई."

"काहून?" नजमानं कढईला तोंड लावून विचारलं. "तू दूधभात हायस व्हय?"